मोठ्यानं वाचायचं

लॅपटॉप उलटा करून तळावरचा स्टिकर वाचताना मास्तर चष्मा कपाळावर सरकवत. स्टिकरवर बारीक अक्षरांत मॉडेलचा क्रमांक असे. तो ओठांतल्या ओठांत एकदा म्हणायचा, लॅपटॉप सरळ करायचा, चष्मा नाकावर आणायचा आणि कीबोर्डकडे वळायचं. ही हालचाल त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या तिनं इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिली होती की तिच्या लेखी ती एकच सलग हालचाल होती. अलीकडे त्या हालचालीचे तुकडे पडू लागले होते. मास्तर क्रमांक वाचत, लॅपटॉप सरळ करत, कीबोर्डवर बोटं ठेवत, आणि थोडं थांबून लॅपटॉप पुन्हा उलटा करत. चष्मा पुन्हा कपाळावर. चेहऱ्यावर त्रासिकपणा नसे, घाई नसे. एखादी वस्तू पहिल्यांदाच हातात आलेल्या माणसाचं कुतूहल तेवढं असे.

ते कुतूहलच तिला बघवत नसे.

मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या विभागाला लागून त्या दोघांची खोली होती. एका बाजूची भिंत कायम कोमट असायची आणि खोलीला इस्त्रीचा वास असायचा. वर वॉर्डांमध्ये, ऑपरेशन थिएटरमध्ये, औषधांच्या खिडकीवर जितके कॉम्प्युटर होते ते सगळे या खोलीतून सांभाळले जात. कॉम्प्युटर बनवणारी कंपनी दर थोड्या दिवसांनी त्याच्या पोटातल्या भागांसाठी अपडेट पाठवते. कधी पडद्यासाठी, कधी बॅटरीसाठी, आणि कधी बायोससाठी, म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणाऱ्या प्रोग्रामसाठी. हे अपडेट एकेका मशीनपाशी जाऊन घालत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून हे पॅच, म्हणजे अपडेट, सांभाळणारं एक मोठं सॉफ्टवेअर असतं. त्यात कंपनीचा कॅटलॉग येतो. कुठलं अपडेट, कुठल्या मॉडेलला, कुठल्या वॉर्डात, कधी, हे ठरवायचं आणि मान्यतेचं बटण दाबायचं. पुढचं आपोआप होतं. चूक असली तर तीही आपोआप होते, सगळीकडे, एकदम.

म्हणून मास्तरांनी वाचनाची पद्धत पाडली होती. मास्तर पूर्वी तंत्रशाळेत शिकवत. तिथे लेथ सुरू करण्याआधी मुलांनी एकेक पायरी मोठ्यानं म्हणायची आणि शेजारच्यानं बघून होकार द्यायचा, असा त्यांचा दंडक होता. तोच त्यांनी इथे आणला. पडद्यासमोर बसणारा वाचणार. शेजारी बसणारा पडद्यावर बघणार आणि 'आहे' म्हणणार. तो 'आहे' आल्याशिवाय बटण नाही.

"मॉडेल बरोबर?"

"आहे."

"चाचणी गट पार पडला?"

"आहे."

"डिस्कचं कुलूप एका स्टार्टपुरतं थांबवलं?"

"आहे."

शेवटची पायरी फक्त बायोससाठी. रुग्णांची माहिती चोरीला जाऊ नये म्हणून प्रत्येक डिस्कला एक कुलूप असतं. ते कुलूप आपल्या मशीनला ओळखून उघडतं. बायोस बदलला की त्याला मशीन परकं वाटतं, आणि ते आकड्यांची लांबलचक चावी मागत बसतं. म्हणून आधी कुलपाला सांगून ठेवायचं की बाबा रे, एकदा डोळे मीट.

अपडेट आधी ज्या मोजक्या मशीनवर घालून बघायचं, त्या चाचणी गटात मास्तरांनी पहिल्या दिवसापासून साहेबांचा लॅपटॉप घालून ठेवला होता. साहेब म्हणजे त्यांच्या विभागाचे प्रमुख. "आधी साहेबांना ठसका लागू दे," ते म्हणत, "मग पेशंटला भरवू." ती नवीन लागली तेव्हा दर पायरीला प्रश्न विचारायची, म्हणून मास्तरांनी तिचं नाव शंकाबाई ठेवलं. ते सगळ्या रुग्णालयात झालं. तिचं खरं नाव विचारलं तर सिस्टर लोकांनाही आठवावं लागलं असतं.

पहिली शंका तिला आली ती मात्र कॉम्प्युटरबद्दलची नव्हती. चहा पिता पिता मास्तरांनी विचारलं, "बाबा कसे आहेत गं तुझे?"

तिचे वडील याच इमारतीत, वरच्या मजल्यावर गेले होते. शेवटचे आठवडे मास्तर रोज त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दिलेला डबा घेऊन वर जात आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. वडिलांचं डोकं उशीवरून घसरलं की ते नीट ठेवणारे हात मास्तरांचे होते.

"बरे आहेत," ती म्हणाली.

का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण एकदा पांघरूण घातलं की ते ओढून घेणं अवघड होऊन बसतं. मास्तरांनी एकदा लॅपटॉप टेबलाशी जोडायच्या डॉकिंगचं तेच अपडेट दोनदा पाठवलं. एकदा एका मॉडेलचं अपडेट दुसऱ्याच मॉडेलच्या गटाला लावलं. सॉफ्टवेअरनंच ते नाकारलं म्हणून निभावलं. ती सकाळी लवकर येऊ लागली. आदल्या दिवशी मास्तरांनी मान्य केलेलं सगळं उघडून बघायची, चुकलेलं दुरुस्त करायची, आणि ते आले की चहा मागवायची. मास्तरांची निवृत्ती वर्षअखेरीला होती. तेवढे महिने डोळ्यांत तेल घालून काढले की झालं. मग हार, भाषण, फोटो, आणि माणूस मानानं घरी. तिचा हिशेब इतका साधा होता.

साहेबांनी एकदा तिला जिन्यात गाठलं. "मास्तरांचं बरंय ना? परवाच्या मीटिंगमध्ये त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली."

"पहिल्यांदा तुम्ही फोन बघत होता, साहेब."

साहेब हसले आणि पुढे गेले. आपण विनोद बरा केला असं तिला वाटलं, आणि मग दिवसभर स्वतःची चीड येत राहिली.

काकूंचे फोन येत. आधी इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. मग काकू आवाज खाली आणत. "दार लावून खाली जातात आणि परत वर येतात, लावलं का बघायला. काल तीनदा. तुझ्यापाशी नीट असतात ना?"

"असतात की."

"मग झालं. माझंच मेलं काहीतरी. वय झालं की माणूस दुसऱ्याचं वय मोजत बसतं."

दोघींनाही माहीत होतं. एकीनं तोंड उघडलं असतं तर दुसरीलाही उघडावं लागलं असतं, म्हणून दोघी मूग गिळून होत्या.

आणि मग तो रविवार आला.

वॉर्डांमधल्या कॉम्प्युटरसाठी कंपनीनं बायोसचं तातडीचं अपडेट काढलं होतं. सुरक्षेतलं एक भोक बुजवायचं होतं. चाचणी गटात ते नीट बसलं होतं. साहेबांना ठसका लागला नव्हता. रविवारी सकाळी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, वॉर्डात राउंड उशिरा होतात, म्हणून असली कामं त्या वेळेला ठेवली जात. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खुशीत होते.

"चल शंकाबाई. वाचतो."

ते पडद्यासमोर बसले, ती शेजारी. त्यांनी मॉडेलचे क्रमांक वाचले. आवाज पूर्वीचाच, खणखणीत, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा. तिची नजर त्यांच्या बोटांवर होती, मग कपाळावर, मग डोळ्यांवर. ते कुठे अडखळतात का, दुसऱ्यांदा काही वाचतात का, चष्मा वर जातो का. हल्ली ती हेच बघायची. आज काहीच अडखळत नव्हतं. पायऱ्या एकामागून एक ओळीनं येत होत्या, पाठ केलेल्या कवितेसारख्या, आणि बऱ्याच महिन्यांनी तिच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरला.

"चाचणी गट पार पडला?"

"आहे."

"डिस्कचं कुलूप एका स्टार्टपुरतं थांबवलं?"

"आहे."

मास्तरांनी बटण दाबलं आणि खुर्ची मागे सरकवली. "चहा," ते म्हणाले.

पहिला फोन तिसऱ्या मजल्यावरून आला. मेडिकल वॉर्डच्या थोरल्या सिस्टरचा.

"शंकाबाई, पडदा निळा झालाय आणि कसली तरी चावी मागतोय."

तिनं फोन कानाला तसाच ठेवून पडद्यावर गटाच्या नोंदी उघडल्या. कुलूप थांबवण्याच्या पायरीसमोर खूण नव्हती. ती चौकट रिकामी होती, आणि बटण दाबतानाही रिकामीच असणार. मास्तरांनी ती ओळ पडद्यावरून वाचलीच नव्हती. त्यांनी ती आठवणीतून म्हटली होती. बाकी सगळं हातातून निसटत असताना तेवढं एक त्यांच्यात शाबूत राहिलं होतं, शब्दही बदलला नव्हता. आणि ती 'आहे' म्हणाली होती, पडद्याकडे न बघता, कारण ती त्यांच्याकडे बघत होती.

अपडेट अजून न पोचलेल्या मशीनचं वाटप तिनं ताबडतोब थांबवलं. तोवर तीन मजले अडकले होते. फोन खणखणत राहिला.

"घाबरायचं नाही," मास्तर उठत म्हणाले. "चाव्या आपल्याकडे आहेत. मी वाचतो, तू टाइप कर. चल वर."

ते दोघं वॉर्डावॉर्डांतून फिरले. प्रत्येक मशीनची चावी वेगळी, आणि आकडे इतके लांब की एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मास्तर टॅबलेटवरून आकडे वाचत आणि ती टाइप करत जाई. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सहा-सहाच्या गटांत, प्रत्येक गटाअंती श्वास घेऊन, एकही आकडा न चुकता ते वाचत होते. एका पोरसवदा सिस्टरला म्हणाले, "काळजी करू नका हो, मशीनला जरा विसरायला झालंय. नाव-गाव सांगितलं की ओळखेल." सिस्टर हसली. शंकाबाई खाली कीबोर्डकडे बघत राहिली.

तिसऱ्या मजल्यावर थोरल्या सिस्टर फोनवर औषधांच्या विभागाशी बोलत होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. त्यांची बायको खाटेपाशी उभी होती, हातात रिकामा पेला धरून.

"यांना वेदनेचं इंजेक्शन द्यायचंय," थोरल्या सिस्टर फोन खाली ठेवत हळू आवाजात म्हणाल्या. "रात्री किती दिलं ते यातच आहे. कुठल्या औषधाचं वावडं आहे तेही यातच. डॉक्टर येतायत, ते सांगतील. पण तोवर मी काही देऊ शकत नाही. तिकडून फोन, इकडून फोन. ते मघापासून थांबलेत."

"आत्ता होतं," मास्तर म्हणाले, आणि वाचू लागले.

गृहस्थ कण्हत नव्हते. ते उशीचं टोक दातांत धरून होते. त्यांच्या बायकोनं एकदाच वळून या दोघांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे नुसता विश्वास होता. ही माणसं आली आहेत, ही काहीतरी करतील. शंकाबाईचे वडील याच मजल्यावर होते तेव्हा तीही प्रत्येक पांढऱ्या कोटाकडे अशीच बघायची.

मशीन सुरू झालं. थोरल्या सिस्टरांनी नोंद वाचली, डॉक्टरही पोचले, इंजेक्शन भरलं गेलं. कुणाला काही झालं नाही. दुपारपर्यंत सगळे वॉर्ड पूर्ववत झाले, आणि असं काही घडलं होतं हे संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांना कळलंही नसतं. पण उशीचं ते टोक तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

दोघं खाली आले. धुण्याचा विभाग रविवारी बंद असतो, त्यामुळे भिंत गार होती. मास्तरांनी खुर्चीत अंग टाकलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"कुठल्या गाढवानं कुलूप न थांबवता सोडलं गं हे?"

त्यांचा राग खरा होता, आणि बाहेरच्या कुणावर तरी होता.

"इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगतोय. वाचा. मोठ्यानं वाचा. शेजारच्याला बघू द्या. पण नाही. नवीन लोकांना सगळं आधीच येत असतं."

"माझ्याकडून राहिलं, मास्तर," ती म्हणाली. जिभेवर ते आपसूक आलं, सवयीनं. अर्धं खरंही होतं.

मास्तरांनी चष्मा घातला आणि तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. तंत्रशाळेतल्या मुलांकडे ते असेच बघत असावेत, खोटं बोलणाऱ्या आणि तरी आवडणाऱ्या.

"तुझ्याकडून राहत नाही," ते म्हणाले. "तुझ्या बापाचा ताप मोजायला थर्मामीटर दिला की तू आधी थर्मामीटर तपासायचीस."

तिला हसू आलं. मास्तरांच्या कपाळावर मात्र आठी पडली. काहीतरी धरायला गेलेला हात मध्येच थांबावा तसे ते थांबले.

"ते गेले ना?" त्यांनी विचारलं. "तुझे वडील."

"हो, मास्तर."

"मी मध्ये कधी विचारलं होतं का तुला, कसे आहेत म्हणून?"

खोटं बोलणं अजूनही सोपं होतं. "विचारलं होतं," ती म्हणाली.

"आणि तू काय म्हणालीस?"

"बरे आहेत म्हणाले."

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप जवळ ओढला, पण उघडला नाही. त्याच्या झाकणावरून तळहात फिरवत राहिले. "तुझी काकू हल्ली किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवते," ते म्हणाले. "मला म्हणते, तुमच्या खिशाला भोक पडलंय. मी सगळे खिसे तपासले. एकालाही भोक नाही." मग म्हणाले, "सकाळी कोण वाचत होतं?"

तिला उत्तर द्यावं लागलं नाही. ते तिच्या चेहऱ्यावर असावं. मास्तरांनी डोळे खाली केले, आणि त्या क्षणी ते इतके म्हातारे दिसले की तिला वाटलं, उठावं आणि म्हणावं, नाही हो, मीच वाचत होते, तुम्ही शेजारी होतात. वर्षअखेर काही फार लांब नाही. हार येईल, भाषण होईल. पण तिला खाटेवरचे गुडघे दिसले, पोटाशी घेतलेले.

"उरलेल्या मजल्यांचं करायचंय अजून," ती म्हणाली. "थांबवून ठेवलंय मी. कुलूप थांबवून पुन्हा सोडायला हवं."

"हं. करू." मास्तर सवयीनं पडद्यासमोरच्या खुर्चीकडे वळले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती खुर्ची तिच्या बाजूला फिरवली आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर इतकी वर्षं ती बसत आली होती. त्यांना ते बुटकं पडत होतं. गुडघे टेबलाला लागत होते.

ती पडद्यासमोर बसली. कोमट असायची ती भिंत तिच्या डाव्या हाताला होती, आज गार.

"मॉडेल बरोबर?" तिनं वाचलं.

मास्तर पुढे झुकले. चष्मा कपाळावर गेला, नाकावर आला. त्यांनी वेळ घेतला. तिनं तो घेऊ दिला.

"आहे."

"चाचणी गट पार पडला?"

"आहे."

"डिस्कचं कुलूप एका स्टार्टपुरतं थांबवलं?"

तिनं बोट पडद्यावर त्या चौकटीपाशी नेलं. तिथे खूण होती. मास्तर त्या खुणेकडे बघत राहिले, बोटाच्या टोकाशी नजर बांधून.

"आहे," ते म्हणाले. मग पुन्हा, तिच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी, "आहे."

आता बटण दाबायचं एवढंच उरलं होतं. ती थांबली. बटणाच्या वर एक लहान ओळ असते; तिथे मान्यता देऊ शकणाऱ्यांची नावं असतात. दोघंच जण, पहिलं मास्तरांचं, दुसरं तिचं. ती ओळ कधीच कुणी वाचत नसे. वाचण्यासारखं तिच्यात काही नसायचं.

"का थांबलीस?" मास्तरांनी विचारलं. "राहिलंय का काही?"

"एक राहिलंय."

"मग वाच की. मनातल्या मनात नाही. मोठ्यानं."

तिनं बोट त्या लहान ओळीपाशी नेलं. मास्तर थांबले. घाई करणं त्यांना कधी आवडलंच नव्हतं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, पाठ ताठ केली आणि नजर पडद्याकडे लावली, शेजारच्यानं लावायची असते तशी.

"मान्यता देणाऱ्यांतून," ती म्हणाली, शब्द सुटे सुटे करत, मागच्या बाकापर्यंत जातील असे, "तुमचं नाव आज मी काढतेय, मास्तर. आणि का काढलं ते उद्या साहेबांना मीच सांगणार आहे."